बायकोच्या डोक्याचं चलान माझ्या नावावर

मा. परिवहन मंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स. न. वि. वि.

गेल्या सोमवारी मोबाईलवर चलान आलं. मागे बसलेल्या व्यक्तीने हेल्मेट घातलं नाही, दंड 500 रुपये. केंद्राच्या कायद्यात 1000 आहेत, आपण निम्म्यावर आणलेत, त्याबद्दल आधी आभार. लिंक उघडली तर आमच्या स्प्लेंडरचा मागून काढलेला फोटो. माझ्या डोक्यावर हेल्मेट, बायकोच्या डोक्यावर पदर, काखेत एक्स-रेचं पाकीट. आणि मागच्या चाकापासून हातभर अंतरावर परातीएवढा खड्डा, गढूळ पाण्याने काठोकाठ भरलेला.

तो खड्डा माझ्या ओळखीचा आहे. पाकिटातला एक्स-रे त्यानेच दिलाय.

माझं तालुक्याच्या गावात मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीवरची मोटार जळाली की शेतकरी माझ्याकडे आणतो. जुलैत रात्री साडेनऊला एकाच्या विहिरीवरून परत येत होतो. पाऊस, समोरच्या गाडीचा डोळ्यावर उजेड, खड्ड्यात पाणी. पाणी दिसलं, खोली कशी दिसणार? उजवं मनगट मोडलं, आत पट्टी आणि सहा स्क्रू. तांब्याची तार खाचेत बोटांनी दाबून बसवावी लागते साहेब, एक-एक वेढा. आज माझ्या अंगठ्याला तार लागली तरी कळत नाही. सव्वा महिना शटर खाली होतं, दवाखान्याचे 78 हजार झाले, आणि 20 वर्षांची गिऱ्हाइकं स्टँडसमोरच्या नव्या पोराकडे गेली. त्यांचं तरी काय चुकलं, ऊस वाळत होता.

डोकं वाचलं ते हेल्मेटमुळे, हे मी कुठेही लिहून देतो. 2019 च्या जानेवारीत पुण्यात हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे निघाले तेव्हा मी इथे बसून हसलो होतो. आता हसू येत नाही. माझं डोकं वाचवायला सरकार माझ्यावर सक्ती करतं, इथवर समजलं. पण बायकोचं डोकं तिच्या मालकीचं आहे ना? तिला मानेचा त्रास आहे, हेल्मेटने चक्कर येते म्हणते. ती मतदार आहे, सातबाऱ्यावर तिचं नाव आहे. तरी चलान माझ्या नावावर! लग्नाला 29 वर्षं झाली, मला तिच्यावर कशाचीच सक्ती करता आली नाही. ते काम आपण 500 रुपयांत माझ्या गळ्यात घातलंत.

बरं, सक्ती करा. पण सगळ्यांवर करा. त्याच मोटार वाहन कायद्यात 2019 साली 198-अ कलम आलं. रस्ता निकृष्ट बांधला किंवा नीट राखला नाही आणि त्यापायी कुणी मेलं किंवा जायबंदी झालं, तर ठेकेदाराला, अधिकाऱ्याला एक लाखापर्यंत दंड. हे कलम लागलेला एक ठेकेदार मला दाखवा, मी त्याचा सत्कार करतो. मी अर्ज घेऊन गेलो तर एक कार्यालय म्हणालं, रस्ता आमच्याकडे नाही. दुसरं म्हणालं, हस्तांतरण झालेलं नाही. माझ्याकडे आवकच्या शिक्क्यांच्या तीन प्रती आहेत. आणि माझ्या अपघाताच्या कागदावर काय लिहिलंय? 'वाहनावरील ताबा सुटल्याने.' खड्डा हा शब्दच नाही.

मग आकडे कसे जमतात ते कळलं. केंद्राचा 2022 चा अहवाल पोराने मोबाईलवर काढून दिला. देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं गेली, त्यातली 50,029 हेल्मेट नसलेली. खड्ड्यांमुळे गेलेली म्हणे फक्त 1,856. मी वजाबाकी केली. उरलेली लाखाच्या वर माणसं कशाने मेली, सगळ्यांचा ताबा सुटला? हिशेब चुकत असेल तर आपल्या सचिवांनी दुरुस्त करावा. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यात मेलेल्याच्या घरच्यांना 6 लाख, जखमीला 50 हजार ते अडीच लाख द्यायला सांगितलं. म्हणजे मी मेलो असतो तर माझा भाव वाढला असता.

दिवाळीनंतर इकडे या. सरकारी ताफ्यातून नव्हे, साध्या गाडीतून, रात्री. एका ट्रॅक्टरमागे उसाच्या दोन ट्रॉल्या, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, वर गाणी एवढी मोठ्याने की मागचा हॉर्न ऐकू येत नाही. माझा चुलतभाऊ तसल्याच ट्रॉलीत घुसला. त्याच्याही डोक्यावर हेल्मेट होतं. ट्रॉल्यांचा फोटो कुणी काढत नाही, कारण कारखान्याचे चेअरमन कोण असतात ते आपण मला सांगायला नको आणि मी आपल्याला. पोलिसाचा मोबाईल निघतो तो पदर दिसला की. आधी नव्या सुरक्षा नंबरप्लेटचा सारखा बदलणारा मुहूर्त गाठायला पळालो, आता हे.

500 रुपये मी भरले आहेत, परत मागत नाही. चलानाचा फोटो सोबत जोडला आहे. तो सरकारनेच काढलेला आहे, तेव्हा खोटा म्हणता येणार नाही. मधोमध माझी बायको आहे. तिला सोडा, डाव्या कोपऱ्यात बघा, आणि तो रस्ता कुणाचा एवढं कळवा.

आपला,
एक मोटार भरणारा

ता. क. : बायकोसाठी 1,150 चं आयएसआय हेल्मेट आणलं. अंबाड्यावर बसत नाही.