जादा माणसे कुणी ठरवायची?

मा. संपादक,
स. न.

लोकसंख्या नियंत्रणाच्या कायद्याची मागणी करणारी पत्रे आपल्या सदरात नुकतीच वाचली. तिसरे मूल झाले की रेशन बंद करा, असे त्यांतल्या एका पत्रलेखकाचे म्हणणे. निसर्गसुद्धा दुबळ्यांना बाजूला काढतो, डार्विनने तेच सांगितले, मग सरकारने केले तर बिघडले कुठे, असा त्यामागचा युक्तिवाद. मी ख्रिस्ती आहे आणि मुंबईतल्या शाळांत बरीच वर्षे विज्ञान शिकवले आहे. दोन्ही नात्यांनी या पत्राला उत्तर देणे मला भाग वाटते.

आधी डार्विनविषयी. आपल्या राज्याच्या दहावीच्या विज्ञानात ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पाठ आहे. तो शिकवताना वर्गातली ख्रिस्ती मुले हमखास विचारायची, “मिस, मग बायबलात उत्पत्तीच्या पुस्तकात लिहिलंय ते?” आमच्या मंडळीतल्या काही भाविकांनाही वाटते की माकडाशी नाते कबूल केले की माणसाची प्रतिष्ठा गेली. मला तसे कधी वाटले नाही. देवाने माणूस मातीचा घडवला, असे तेच पवित्र शास्त्र सांगते. मातीहून हलका उगम आणखी कुठला असणार? माणसाला मोल आहे ते देवाने त्याला आपल्या प्रतिरूपाचा केला म्हणून. घडवायला किती कोटी वर्षे लागली यावर ते मोल ठरत नाही. आनुवंशिकतेचे नियम शोधणारा मेंडेल मठवासी धर्मगुरू होता. पोप जॉन पॉल दुसरे यांनी उत्क्रांती हे निव्वळ गृहीतक राहिलेले नाही, असे १९९६ मध्ये सांगितले. म्हणूनच एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती वगळल्याचे २०२३ मध्ये गाजले, तेव्हा विज्ञानशिक्षक म्हणून जितके वाईट वाटले तितकेच ख्रिस्ती म्हणूनही वाटले.

पण निसर्गात काय घडते यावरून माणसाने कसे वागावे हे ठरत नाही. ‘योग्यतमाचा टिकाव’ हे शब्द मुळात हर्बर्ट स्पेन्सर या इंग्रज विचारवंताचे. योग्यतम म्हणजे बलवान किंवा श्रीमंत असा त्याचा अर्थही नाही. त्या परिस्थितीत जगून ज्याची संतती टिकते तो योग्यतम. त्या हिशेबाने धारावीच्या दहा बाय दहाच्या खोलीत पाच मुले जगवणारी आई आपल्या पत्रलेखकापेक्षा सरस ठरेल! आणि खुद्द डार्विनने १८७१ मध्ये लिहून ठेवले आहे की दुबळ्यांविषयीची सहानुभूती दाबून टाकायची तर आपल्या स्वभावातला सर्वांत उदात्त भागच खालावेल.

माणसे जादा झाली ही भाषा डार्विनच्या आधीची आहे. १७९८ साली ती मांडणारा माल्थस इंग्लंडच्या चर्चचा पाद्री होता, याची मला ख्रिस्ती म्हणून खंत वाटते. हिंदुस्थानात येणाऱ्या ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्यांना तो हेलीबरीच्या कॉलेजात शिकवत असे. पुढे १८७७ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेम्पल या इंग्रज अधिकाऱ्याने सरकारी कामावरच्या मजुराचा शिधा दिवसाला एक पौंड धान्यावर आणला. त्याच दशकात दुष्काळाने पंडिता रमाबाईंचे आईवडील हिरावून नेले. त्या रमाबाई वीस वर्षांनी पुन्हा दुष्काळ पडला तेव्हा मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुलींना केडगावला घेऊन आल्या. आधी कुणाला वाचवणे परवडेल याचा हिशेब त्या करत बसल्या नाहीत. मला ख्रिस्ताचा माग तिथे दिसतो.

कुटुंबनियोजनाला माझा विरोध नाही. कॅथलिक बांधवांची कृत्रिम साधनांबाबतची भूमिका वेगळी आहे, तिचा मला आदर आहे. पण नवराबायकोने विचार करून मुलांची संख्या ठरवावी यात मला पाप दिसत नाही. र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले ते १९२१ मध्ये. या विचारांपायी त्यांना विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी सोडावी लागली. मिशनच्या कॉलेजाने त्यांच्यावर अन्याय केला, असे मी स्पष्टपणे म्हणेन. स्त्रीला स्वतःच्या देहावर अधिकार असावा, हे कर्व्यांचे म्हणणे होते. सक्तीचा कायदा नेमका तोच अधिकार काढून घेतो.

हे आपल्या राज्यात घडता घडता राहिले आहे. तीन मुलांनंतर सक्तीची नसबंदी करणारे विधेयक १९७६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून वाचलो. कायद्याशिवायही १९७६-७७ या एका वर्षात देशभर ८० लाखांहून अधिक नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. त्यांत कोण सापडले? ज्यांच्यामागे बोलणारे कुणी नव्हते ते.

आज तर कायद्याला निमित्तही उरलेले नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशाचा एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीला सरासरी होणारी मुले, २.० आहे, महाराष्ट्राचा १.७. पिढीला पिढी पुरायला २.१ लागतो. मुली शिकल्या, लग्ने लांबली, जन्मलेली मुले जगू लागली, म्हणून तो उतरला. शस्त्रक्रियेचा भार मात्र बायकांवरच आहे. त्याच सर्वेक्षणात देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ३८ टक्क्यांनी नसबंदी करून घेतलेली दिसते. पुरुषांची नसबंदी अर्धा टक्कासुद्धा नाही. मुलांची संख्या मोजली जात असताना मुलींचे काय झाले तेही पाहा: सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे महाराष्ट्रात २००१ मध्ये ९१३ मुली होत्या, २०११ मध्ये ८९४.

आंध्र प्रदेशाने स्थानिक निवडणुकांसाठीची दोन अपत्यांची अट २०२४ मध्ये काढून टाकली. तिथले मुख्यमंत्री आता जास्त मुले होऊ द्या म्हणतात. कालपर्यंत जे तिसरे मूल ओझे होते ते आज हवेसे झाले. सरकारच्या गरजेप्रमाणे ज्याचा भाव चढतो-उतरतो त्याला आपण माणूस म्हणायचे की माल?

आपल्याकडे १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे मूल झालेल्या बाईला ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. तिसऱ्या वेळी गरोदर राहायचे की नाही हे अनेक घरांत तिने ठरवलेले नसते, तरी तीही अपात्र ठरते. ही अट महाराष्ट्रानेही रद्द करावी आणि पालिकेच्या दवाखान्यांतून पुरुषांना बिनटाक्याच्या नसबंदीची माहिती नेटाने द्यावी, एवढी माझी मागणी आहे.

कळावे,
एक निवृत्त शिक्षिका, भायखळा, मुंबई