यंदा तरी चेंडू हवेतून जाईल का?

अ‍ॅन आर्बर
२३ ऑगस्ट २०२५

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

परवा फोनवर बाबांनी आमच्या मिशिगन विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल टीमबद्दल तीनदा विचारलं, "यंदा तुमची पोरं फेकणार का नाही?" मी तिन्ही वेळा सांगितलं आणि तिन्ही वेळा पलीकडून "आँ?" आलं. कानाचं मशीन कपाटात आणि फोन कानाला, मग दुसरं काय होणार! म्हणून लिहून पाठवते. खालच्या झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या अक्षरात प्रिंट काढून घ्या.

बाबा, गेल्या २१ सप्टेंबरला आपण मिशिगन स्टेडियममध्ये शिरलो आणि पायऱ्या वर जायच्या ऐवजी खालीच उतरायला लागल्या. तुम्ही मधेच थांबलात. "अगं, हे तर खासबाग की!" कोल्हापूरचं खासबाग कुस्ती मैदानच, पण एक लाख सात हजार माणसांचं. आईनं पिशवी नेता येत नाही म्हणून तुमच्या खिशात दडवलेली शेंगदाण्याची पुडी मॅच संपेपर्यंत तशीच राहिली, इतके तुम्ही गुंगला होतात. आणि आपल्या क्वार्टरबॅकनं, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या त्या ओर्जीनं, अख्ख्या मॅचमध्ये फेकून किती मिळवले? ३२ यार्ड. शेवटी चेंडू घेऊन पळणारा तो मलिंग्ज ६३ यार्ड सुटला, ३७ सेकंद उरले असताना चौथ्या प्रयत्नात रेघ ओलांडली आणि समोरच्या यूएससी टीमवर २७-२४ झाले. सगळे नाचत होते. तुम्ही मात्र पार्किंगपर्यंत एकच धोशा लावलात, "जिंकले खरं, पण हे असं किती दिवस रेटणार?"

फार दिवस नाही रेटता आलं. १३ मॅचमध्ये ८ जिंकल्या, ५ हरल्या. आदल्या वर्षी, म्हणजे देशात पहिले आले तेव्हा, मॅचमागे छत्तीसच्या आसपास गुण होत होते. ते २२ वर आले. फेकून मिळणारे यार्ड मॅचमागे १३० च्या घरात, म्हणजे पहिल्या दर्जाच्या १३४ टीममध्ये अगदी तळाशी. तीन-तीन क्वार्टरबॅक बदलून पाहिले. शेवटी ओहायो स्टेटला त्यांच्याच घरात १३-१० आणि ३१ डिसेंबरला अलाबामाला १९-१३ हरवलं, पण ती कमाई डिफेन्सची, म्हणजे समोरच्यांना अडवणाऱ्यांची, आणि पायानं गुण मिळवणाऱ्या किकरची. ऑफेन्सनं, म्हणजे चेंडू पुढं नेणाऱ्यांनी, फक्त हातभार लावला.

तुम्ही शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालमीची फुटबॉल मॅच बघताना म्हणायचात ना, लांबून मारणारा कुणी नसला की समोरचे निवांत पुढं येऊन उभे राहतात? इथं तेच झालं. हे फेकत नाहीत हे कळल्यावर समोरचे आठ-आठ जण पुढच्या फळीला येऊन दाटी करायचे. पळणारा कितीही दांडगा असला तरी भिंतीतून कसा जाणार? मागं चेंडू पडेल ही भीती असली की त्यातले दोघं-तिघं मागं सरकतात आणि वाट मोकळी होते. म्हणून फेकणारा हवा. नुसत्या शोभेसाठी नव्हे.

तो यंदा आलाय. ब्राइस अंडरवुड. इथून अर्ध्या तासावरच्या बेलव्हिल गावचा, सहा फूट चार इंच, आणि चारच दिवसांपूर्वी अठरा पूर्ण झाली. शाळेतून येणाऱ्या पोरांच्या यादीत देशात पहिला होता. लुइझियानाच्या कॉलेजात जायचं ठरलं होतं, ते गेल्या नोव्हेंबरात फिरलं आणि पोरगा घराजवळ राहिला. आई, तू मागं विचारलं होतंस की या पोरांना फी तरी माफ असते का. अगं, यंदाच्या जुलैपासून कॉलेजं पोरांना सरळ पैसे देऊ शकतात, एका कॉलेजला वर्षाला दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत. आणि याच्यासाठी तर फार मोठ्या रकमेचं बोलणं झाल्याचं छापून आलंय. त्या वयात मी तुझ्याकडं रंकाळ्यावर भेळ खायला वीस रुपये मागायचे.

कोचनं अजून नाव जाहीर केलेलं नाही. फ्रेझ्नो स्टेटहून आलेला मिकी कीन अनुभवी आहे, पण इथं चहाच्या टपरीवरसुद्धा, म्हणजे टपरी असती तर, कुणी दुसऱ्याचं नाव घेत नाही. ऑफेन्स आखणारा माणूसही बदललाय. जुन्याला डिसेंबरात काढलं आणि नॉर्थ कॅरोलायनाचा चिप लिंडसी आणला. त्याच्या हाताखाली गेल्या वर्षी तिथला हॅम्प्टन नावाचा गडी १६६० यार्ड पळाला होता. म्हणजे नुसता फेकाफेकीचा भोक्ता नाही, पळवणारा आहे. मला हे आवडलं.

पळणारे चांगले आहेतच. अलाबामाहून जस्टिस हेन्स आलाय, आणि अलाबामाविरुद्ध १०० यार्ड काढणारा जॉर्डन मार्शल घरचाच. झेलणाऱ्यांत इंडियानाहून आलेला मॅककली उंच आहे. तो आधी स्वतःच क्वार्टरबॅक होता. गेल्या वर्षीचा झेलणारा लव्हलँड मात्र शिकागोला व्यावसायिक टीमकडून खेळायला गेला, त्याची जागा भरणं अवघड. तिथं आता मार्लिन क्लाइन असेल. बाबा, हा तुमच्या मनासारखा, जर्मनीतल्या कोलोनचा. "हातात धरून पळतात त्याला फुटबॉल कसं म्हणायचं" हे तुम्ही त्याला विचारू शकता.

माझी धाकधूक वेगळीच आहे. फेकणाऱ्याला उभं राहायला तीन सेकंद मिळाली पाहिजेत, आणि ती देणारी पुढची पाच जणांची फळी अजून पक्की वाटत नाही. मधला क्रिपन आणि शेजारचा एल-हादी जुने, भरवशाचे. कडेला प्रश्न आहे. उजव्या हातानं फेकणाऱ्याची पाठ डावीकडं असते, म्हणजे डावीकडचा गडी चुकला तर पोराला धडक दिसायच्या आधीच बसते. म्हणून सांगते, पहिली मॅच न्यू मेक्सिकोशी, ती घरात आहे, तिथं पोरगा दोन-चार लांब फेकी दाखवील आणि तुम्ही खूश व्हाल. पण लगेच पुढच्या शनिवारी ओक्लाहोमात, त्यांच्या गोंगाटात खेळायचंय. तिथं तो चुकेल असं मला वाटतं. तेव्हा "काढा त्याला" म्हणून ओरडू नका. खरा अंदाज ऑक्टोबरात येईल, आणि २९ नोव्हेंबरला ओहायो स्टेट इथं येईल तोवर ऑफेन्स मॅचमागे २८-३० गुण काढत असेल, एवढी माझी पैज.

पहिली मॅच आमच्या शनिवारी संध्याकाळी साडेसातला, म्हणजे तुमच्या रविवारी, ३१ तारखेला पहाटे पाचला. त्याच दिवशी गौरी यायच्यात. आई, गुडघ्याला जपून. डब्याची फुलं आणि मुखवटे माळ्यावरून काढायला शिडीवर चढू नकोस, बाबांनाही चढवू नकोस, दादाला बोलव. यंदा तुम्हाला इकडं येता आलं नाही, तर मी फोन टीव्हीसमोर उभा करून ठेवीन. बाबा, पाच वाजता उठा, चहा स्वतः करा, आणि मशीन कानात घाला.

तुमची,
मनू