कृष्णविवराचा दुसरा फोटोही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला कृष्णविवरांवरचा लेख वाचला, आवडला, पण सोबत फोटो परत तोच, २०१९ मधलं केशरी कडं. याच्यापुढे गाडी सरकतच नाही म्हणून हे पत्र.

एम ८७ दीर्घिकेतल्या त्या कृष्णविवराचा पहिला फोटो १० एप्रिल २०१९ ला आला आणि सगळ्या पेपरांनी पहिल्या पानावर घेतला. मग मार्च २०२१ मध्ये त्याच इव्हेंट होरायझन टेलिस्कोपवाल्यांनी (जगभरच्या रेडिओ दुर्बिणी एकत्र जोडून निरीक्षण करणारा शास्त्रज्ञांचा गट) दुसरा फोटो दिला, निरीक्षणं तीच एप्रिल २०१७ ची, पण यावेळी प्रकाशाचं ध्रुवीकरण मोजून. त्यात कड्यावर बारीक रेघा दिसतात, भोवऱ्यासारख्या वळलेल्या. बऱ्याच जणांना ती नुसती सजावट वाटते, पण माझ्या मते पहिल्या फोटोपेक्षा जास्त माहिती त्या रेघांतच आहे.

ध्रुवीकरण म्हणजे काय ते घरीही बघता येतं. पोलराइज्ड गॉगल लॅपटॉपच्या स्क्रीनसमोर धरून हळूहळू फिरवा, एका कोनात स्क्रीन काळी पडते, कारण स्क्रीनमधून येणाऱ्या प्रकाशाची कंपनं एकाच दिशेत असतात. कृष्णविवराभोवतीच्या तापलेल्या वायूत इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्राभोवती प्रचंड वेगाने गिरक्या घेतात आणि त्यातून निघणाऱ्या लहरीही अशाच एका दिशेकडे झुकलेल्या असतात, क्षेत्राला साधारण काटकोनात. म्हणजे कंपनांची दिशा कळली की क्षेत्राचाही अंदाज येतो, आणि तोही ५.५ कोटी प्रकाशवर्षांवरून!

क्षेत्र निघालं १ ते ३० गॉस (गॉस म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक), आपल्या पृथ्वीचं जेमतेम अर्धा गॉस. एवढं क्षेत्र आत पडणाऱ्या वायूलाही अडवू शकतं. एम ८७ मधून तापलेल्या पदार्थाचा हजारो प्रकाशवर्षं लांब झोत बाहेर पडतो, तो नेमका कसा सुटतो हे समजायचं तर हे क्षेत्रच बघावं लागतं, नुसत्या कड्यावरून ते कळत नाही.

मार्च २०२४ मध्ये आपल्या आकाशगंगेच्या मध्यावरच्या सॅजिटेरियस ए स्टार या कृष्णविवराचाही असा फोटो आला. एम ८७ मधल्या कृष्णविवराचं वस्तुमान ६५० कोटी सूर्यांएवढं, याचं फक्त ४० लाख, तरी वळण तसंच, म्हणून इथेही एखादा लपलेला झोत असेल का असा विचार शास्त्रज्ञ करतायत. आणि मला सगळ्यात भारी वाटलं ते सप्टेंबर २०२५ मध्ये आलेलं. एम ८७ ची २०१७, २०१८ आणि २०२१ ची निरीक्षणं शेजारी ठेवली तर कड्याचा आकार तोच, पण रेघांचं वळण २०२१ पर्यंत चक्क उलटं झालेलं! क्षेत्रच बदललं की मधल्या वायूने प्रकाशाची दिशा फिरवली, की दोन्ही, यावर अजून काम चालू आहे. मी ओळखीच्या चार लोकांना विचारलं, कुणालाच ही बातमी माहीत नव्हती.

आपल्या इस्रोचा एक्सपोसॅट उपग्रह १ जानेवारी २०२४ ला श्रीहरिकोट्याहून गेला, तोही ध्रुवीकरणच मोजतो, फक्त क्षकिरणांचं. त्यावरचं पोलिक्स उपकरण बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेने बनवलंय. बातम्यांत उड्डाणाचा फोटो सगळीकडे होता, ते मोजून काय कळणार यावर मात्र फार थोडं.

तर विनंती एवढीच, २०१९ चा आणि २०२१ चा फोटो शेजारी शेजारी छापा, रंगीत आणि मोठे, आणि पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथल्या एखाद्या संशोधकाकडून आठवी-नववीच्या पोरांना कळेल असा लेख लिहून घ्या.

आपला नियमित वाचक,
पुणे