दाताचा ताप म्हणून दुखणे अंगावर काढू नये

महोदय,

माझ्या नातवाची चौथ्या महिन्यातच दिवसाला चार-चार लाळेरी भिजू लागली आणि तो स्वतःची मूठ सारखी चावू लागला, तरी दात सहाव्या महिन्यानंतरच येतात या समजामुळे आम्हाला शंका आली नाही. बहुतेकांना पहिला दात साधारण त्या सुमारास येत असला, तरी काही बाळांना तो तिसऱ्या-चौथ्या महिन्यातही येतो. अखेर हात धुऊन खालच्या हिरडीवरून बोट फिरवले, तेव्हा मधोमध तांदळाच्या कणीसारखे टोचले. हिरडी अशीच बोटाने हलके चोळल्याने किंवा फ्रिजमध्ये गार केलेला, पण न गोठवलेला ओला सुती रुमाल आपल्या देखरेखीखाली चघळू दिल्याने बाळ शांत होते. बधिर करणारी जेल मात्र लावू नये. तिच्यातील बेन्झोकेन या बधिर करणाऱ्या औषधामुळे रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटू शकते, म्हणून अमेरिकेच्या एफडीए या अन्न व औषध नियामक संस्थेने २०१८ मध्ये दोन वर्षांखालील मुलांसाठी तिच्या वापराविरुद्ध इशारा दिला आहे. ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक ताप आणि जुलाब ‘दातामुळेच’ म्हणून अंगावर काढण्याची आपली जुनी सवय मला सर्वांत घातक वाटते. अशा वेळी डॉक्टरांनाच दाखवावे. ठाण्यातील लसीकरण केंद्रांवर चौदाव्या आठवड्याच्या लसीच्या वेळीच मातांना हे समजावून सांगावे, ही विनंती.

– एक आजी, नौपाडा, ठाणे