डिझेलचे डाग ॲसिडने जात नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१ ऑगस्टला मासेमारीचा नवा हंगाम उघडण्याआधी कोकणातल्या बंदरांवर नौकांची डागडुजी आणि रंगकाम जोरात असते. डिझेलच्या टाकीच्या तोंडाखाली आणि हवानळीखाली फायबरवर उतरलेले पिवळट-काळे ओघळ घालवायला तेव्हा ॲसिड, कॉस्टिक सोडा, थिनर, जे हाताला लागेल ते वापरले जाते. यातले बरेचसे या कामाचे नाही. नुकसान मात्र पक्के करते.

कॉस्टिक माशाच्या तेलावर चालते, कारण चरबीचा त्याने साबण होतो. डिझेल खनिज तेल आहे, त्याचा साबण होत नाही. उलट फायबरवरचा जेलकोट, म्हणजे बाहेरचा चकचकीत थर, बहुधा पॉलिएस्टर रेझिनचा असतो आणि कॉस्टिक तोच खाते. संडास धुवायचे ॲसिड तेलाला काहीच करत नाही, पण गॅल्वनाइज्ड बोल्टांचा जस्ताचा थर उडवते. ऑक्झॅलिक ॲसिडने गंजाचे तांबूस डाग आणि पाण्याच्या रेषेवरचा तपकिरी पट्टा छान निघतो. तेवढ्यावरून ते सगळ्यांवरच चालेल असा समज झालेला दिसतो. ब्लीचिंगही तेलावर निरुपयोगी. ते ॲसिडबरोबर वापरले तर क्लोरीन वायू सुटतो आणि बंद खणात काम करणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते. रॉकेलने डाग पुसट दिसतो, कारण एका तेलाच्या जागी दुसरे बसलेले असते.

सांडलेले डिझेल आधी टिपायचे, धुणे नंतर. सुती चिंध्या किंवा तेल शोषणारे पॅड घेऊन कडेकडून मध्याकडे टिपत यावे. पुसत सुटले की डाग पसरतो. पॅड पॉलिप्रॉपिलीनचे मिळाले तर उत्तम, ते तेल घेते आणि पाणी सोडते. मग पाच लिटर गोड्या पाण्यात दोन चमचे भांडी धुण्याचे लिक्विड, मऊ स्पंज आणि पुन्हा गोडे पाणी. खाऱ्या पाण्यात फेस धड होत नाही. भर उन्हात तापलेल्या फायबरवर साबण वाळून स्वतःचाच डाग सोडतो, तेव्हा हे काम सकाळी किंवा सावलीत करावे. नौका पाण्यात असताना तवंगावर लिक्विड ओतू नये. तवंग दिसेनासा होतो एवढेच; डिझेल बारीक थेंबांनी पाण्यात मिसळून मासळीपर्यंत जाते.

जुना डाग हट्टी असतो. उन्हाने जेलकोटचा वरचा थर खडूसारखा भुसभुशीत झाला की त्यात डिझेल मुरते, हवेने त्याचा चिकट राळेसारखा थर होतो आणि त्यावर धूळ-काजळी बसते. डागाचा वरवरचा चिकट थर खाण्याच्या सोड्याच्या ओल्या लेपाने निघतो: पंधरा-वीस मिनिटे ठेवायचा, मऊ फडक्याने हलके चोळायचा. खोल मुरलेल्यासाठी खडूची बारीक भुकटी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये दह्याइतकी घट्ट कालवावी, अर्धा सेंटिमीटर जाड थापावी, वर प्लास्टिक चिकटपट्टीने बसवावे. काही तासांनी प्लास्टिक काढून लेप पूर्ण वाळू द्यावा. वाळताना तो डिझेल ओढून घेतो. एकदा पुरले नाही तर पुन्हा. आधी कोपऱ्यात चाचणी करावी, रंगवलेल्या भागावर तर नक्कीच. अल्कोहोल पेटते, म्हणून आसपास इंजिन, वेल्डिंग, विडी काही नको.

त्यानंतरही सावली राहिली तरच बारीक रबिंग कंपाउंड. जेलकोट असतो साधारण अर्धा मिलिमीटर, कोपऱ्यांवर त्याहून पातळ. चारशे नंबरचा घासकागद (सँडपेपर) फिरवणारा पुढच्या पाच वर्षांचा जेलकोट एका दुपारी घासून टाकतो. कागद लागलाच तर हजार नंबर किंवा त्याहून बारीक, तोही पाणी लावून. शेवटी मेणाचे दोन हात द्यावेत, म्हणजे पुढचे सांडलेले डिझेल आत मुरायला वेळ लागतो. जिथे रंग चढवायचा आहे तिथे मात्र मेण अजिबात नको.

रंगाआधी तेल काढायचे, मग घासायचे. क्रम उलटला तर तेल कागदाच्या ओरखड्यांत दाबले जाते, रंगाला डोळे (गोल खळगे) पडतात आणि पापुद्रे सुटतात. एका फडक्याने थिनर लावून, तो उडायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसावे आणि फडकी वारंवार बदलावीत. जुन्या इनॅमलवर थिनर नको, तो रंगच उचलतो. काम झाल्यावर पाणी ओतून पाहावे: सलग पसरले तर पृष्ठभाग स्वच्छ, थेंब जमले तर तेल किंवा मेण शिल्लक आहे. लाकडी नौकेत डिझेल फळ्यांच्या सांध्यांत जाते. तिथे घासण्यापेक्षा भुसा किंवा मुलतानी माती भरून ती बदलत राहणे बरे.

ओघळ येतात ते मुख्यतः टाकी काठोकाठ भरल्याने. तापमान दहा अंशांनी वाढले की हजार लिटर डिझेल सुमारे आठ लिटरने फुगते आणि हवानळीतून बाहेर येते. नव्वद-पंचाण्णव टक्क्यांवर थांबावे. शेवटी नोझल हळू सोडावे, कारण डिझेलला फेस येतो आणि टाकी भरल्यासारखी भासते, मग उसळी येते. झाकणाची रबरी रिंग कडक झाली असेल तर बदलावी, ती महाग नसते. हवानळीच्या तोंडाशी भरताना बाटली धरली तरी अर्धे काम होते.

मच्छीमार सहकारी संस्था आणि बंदर व्यवस्थापन यांना आमची विनंती आहे की जेटीवरच्या प्रत्येक डिझेल पंपाजवळ शोषक पॅड आणि तेलकट चिंध्यांसाठी झाकणाचा लोखंडी पिंप ठेवावा, आणि तो ठरलेल्या दिवशी उचलून अधिकृत तेलकचरा घेणाऱ्याकडे द्यावा. आज या चिंध्या एकतर बंदरात तरंगतात किंवा जेटीवर जाळल्या जातात.

आपले,
फायबर नौका दुरुस्ती करणारे काही कारागीर, रत्नागिरी