आधी दोन खेपा, मग पराक्रम

महोदय,

१९४५ साली ९ एप्रिलच्या संध्याकाळी इटलीतल्या सेनिओ नदीवर शिपाई नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक मिळवले. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीचा हा जवान नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या निमजचा. त्यांची गोष्ट सांगताना बहुतेक वक्ते थेट शेवट गाठतात: जर्मन मशीनगनचे तीन मोर्चे (मारा करण्याची ठाणी) एकट्याने गारद केले आणि बांधावर उभे राहून मराठ्यांची रणगर्जना केली. टाळ्यांना तेवढे पुरते. पदकाच्या मानपत्रात मात्र त्याआधी बरेच काही आहे.

नदी जेमतेम १५ फूट रुंद, आपण ओढाच म्हणू. पाणी चार-पाच फूट. पण दोन्ही काठांचे बांध ३०-३५ फूट उंच, सरळसोट, जर्मनांनी पोखरून ठेवलेले. पूर्वेकडच्या बांधावर सुरुंगांचा पट्टा. जाधव कंपनीचे रनर, म्हणजे निरोप्या. टोळी पाण्यातून पश्चिम काठावर चढते न चढते तोच मागच्या बांधातून गोळ्या सुटल्या. कंपनी कमांडर आणि दोन जवान जखमी, बाकीचे जागीच ठार. धडधाकट उरले एकटे जाधव. त्यांनी एका जखमीला उचलले आणि पाण्यातून, तो चढ चढून, सुरुंगांमधून सुखरूप पोचवले. मग दुसऱ्यासाठी परत गेले. दोन्ही वेळा उखळी तोफा आणि मशीनगन आग ओकत होत्या.

त्यानंतर कुठे मोर्च्यांची पाळी आली. पहिला टॉमीगनने गप्प केला. हाताला जखम झाली, बंदूक चालवता येईना, तर ती फेकून हातबाँब घेतले. मध्ये बांधावर सरपटत जाऊन सोबत्यांकडून आणखी आणले. गर्जना सगळ्यात शेवटी.

लढाई इंग्रजांची, पदकही त्यांचेच, असे काही जण म्हणतात. वाद रास्त आहे, घालावा. पण ज्यांना त्यांनी वाचवले ते आपल्याच पलटणीचे जवान होते.

इटलीतच १९४४ मध्ये धारातीर्थी पडलेल्या नाईक यशवंत घाडगे यांचे स्मारक तिथल्या मोंतोने गावाने २०२३ मध्ये उभारले, त्याची बातमी आपल्याकडेही झाली. जाधव जिवंत परतले, पुढे हवालदार झाले आणि १९८४ मध्ये पुण्यात वारले. परतलेल्या वीराचे नाव मागे पडते, असे मला वाटते.

आपल्या दैनिकाने येत्या ९ एप्रिलला ते मानपत्र मराठीत पूर्ण छापावे, दोन्ही खेपांसकट. नगर जिल्ह्यातल्या शाळांना त्या दिवशी परिपाठात वाचायला ते उपयोगी पडेल.

– एक निवृत्त शिक्षक, संगमनेर