बंदी टायरवर हवी, आयातदाराच्या हेतूवर नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशातून येणाऱ्या टाकाऊ टायरवरचा कायदा वाचताना कडक वाटतो, पण आमच्या वाडा तालुक्यात पोहोचेपर्यंत त्यात काही उरत नाही. असे का होते, याविषयी लिहीत आहे.

हवाबंद भट्टीत टायर तापवून त्यातून तेल आणि काळी भुकटी काढण्याच्या प्रक्रियेला पायरोलिसिस म्हणतात. या कामासाठी टाकाऊ टायर आयात करण्यास केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जुलै 2022 मध्ये मनाई केली. 2016 च्या घातक कचरा नियमांत तशी दुरुस्ती झाली. मात्र मनाई आहे ती आयातदाराच्या हेतूला. रबराचा भुगा करण्यासाठी, असे कागदावर लिहून तोच टायर आजही आणता येतो. कस्टमचा अधिकारी कंटेनर उघडतो, तेव्हा त्याला दाबून, तारेने बांधलेले टायरचे गठ्ठे दिसतात आणि कागदावरही टायरच लिहिलेले असतात. अधिकारी कितीही प्रामाणिक असला, तरी तिथे त्याने अडवायचे काय?

न्हावाशेवा बंदरात वंगण तेलाच्या नावाखाली आलेल्या टाकाऊ तेलाच्या 133 कंटेनरांचे प्रकरण जुन्या वाचकांना आठवत असेल. ते तेल देखरेखीखाली जाळून नष्ट करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये दिला. तेथे निदान मालच खोटा होता आणि तपासणीत तो उघडा पडला. टायरच्या बाबतीत माल खरा असतो, खोटा असतो तो त्याचा पत्ता, आणि पत्ता काही प्रयोगशाळेत तपासता येत नाही. घातक कचऱ्याच्या देशोदेशींच्या वाहतुकीवर नियंत्रण ठेवणारा आंतरराष्ट्रीय बासेल करारही येथे फारसा उपयोगी पडत नाही, कारण पुनर्प्रक्रियेसाठी जाणारे टायर त्याच्या बिनघातक यादीत मोडतात. घातक कचऱ्यासाठी लागते तशी पूर्वसंमती पाठवणाऱ्या देशाला आपल्याकडून घ्यावी लागत नाही.

त्यात भर म्हणजे देशातल्या टायरपासून तेल काढायला रीतसर परवानगी मिळते. गठ्ठ्याची तार एकदा कापली की पुण्याचा टायर कुठला आणि इंग्लंडचा कुठला, हे भट्टीवरच्या मजुरालाही सांगता येणार नाही. ब्रिटनमधून निघालेल्या गठ्ठ्यांत माग काढणारी यंत्रे लपवून ते टायर भारतातल्या अशाच भट्ट्यांपर्यंत पोहोचतात, हे 2025 मध्ये बीबीसीने दाखवून दिले. आम्हाला त्याचे फारसे नवल वाटले नाही. रात्री भट्टीचे तोंड उघडले की सकाळी तुळशीच्या पानांवर बोट फिरवले तरी काळे होते आणि उन्हाळ्यात अंगणात कुरडया घालायच्या, तर आधी वारा कुठून आहे ते पाहावे लागते. पण गोष्ट काजळीवरच थांबलेली नाही. जानेवारी 2025 मध्ये याच तालुक्यातील एका टायर कारखान्यात झालेल्या स्फोटाने दोन महिला आणि दोन मुलांचा बळी घेतला. त्यानंतर काही कारखान्यांना टाळे लागले, पण बंदरातून टायर सुटतच आहेत.

प्लास्टिक कचऱ्याच्या बाबतीत सरकारने 2019 मध्ये सरळ रस्ता धरला आणि घन प्लास्टिक कचऱ्याची आयातच बंद केली. विशेष आर्थिक क्षेत्रांना दिलेली सवलतही काढून घेतली. माल दिसला की अडवा, इतका तो नियम सोपा आहे. टायरला हाच न्याय का लावू नये? ऑस्ट्रेलियाने तर मोजके अपवाद सोडता अखंड टायरचे गठ्ठे देशाबाहेर पाठवणेच डिसेंबर 2021 पासून बंद केले. आपला कचरा आपण निस्तरायचा, हे पाठवणाऱ्या देशाला कळते आणि घेणाऱ्या आपल्याला कळू नये, हे चमत्कारिक आहे. रबराचा भुगा करणारे सचोटीचे उद्योग आपल्याकडे आहेत आणि बंदीने त्यांची काही अडचण होईल, हे मान्य. पण त्यांच्या नावाने आलेला माल भट्टीत जातो, तेव्हा बदनामी त्यांचीच होते.

बंदी येईपर्यंत एक गोष्ट तरी ताबडतोब करता येईल. बंदरातून निघणाऱ्या ट्रकचे ई-वे बिल, म्हणजे माल कुठून कुठे चालला याची ऑनलाइन नोंद, बनतेच. त्यावरचा कारखाना आणि आयात परवान्यावरचा कारखाना एकच आहे का, हे प्रदूषण नियंत्रण मंडळाने दर महिन्याला ताडून पाहावे आणि ती यादी संबंधित ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. गावात टायरचा ट्रक कोणत्या फाटकातून आत जातो, हे आम्ही रोज पाहतो. तो कोणाच्या नावावर आला आहे, एवढेच आम्हाला कळत नाही.

आपला,
एक वाचक, वाडा (जि. पालघर)